सात नफर

नगारा चांदीचा मी केला. हातानं नाही, तोंडानं. आमच्या गावामागच्या टेकाडावर निजामाच्या काळातली एक लष्करी चौकी होती. आता तिच्या दोन भिंती आणि एक चिंच उरली आहे. चौकी उठली तेव्हा शिपायांनी पलटणीचा नगारा तिथंच पुरला, ही गोष्ट तामसी मंडलातल्या कोणत्याही पारावर ऐकायला मिळते. पण जुन्या माणसांच्या गोष्टीत तो साधा तांब्याचा होता. आदिलाबादच्या बसची वाट पाहत बसलो असताना मी तो चांदीचा करून टाकला. बसला उशीर झाला, म्हणून त्याला कड्याही लावल्या. तीन-चार वर्षांनी शेजारच्या गावचा एक माणूस मलाच ती गोष्ट कड्यांसकट सांगायला लागला, आणि मी ‘असं का!’ म्हणत ऐकली. त्या दिवसापासून माझाही तिच्यावर विश्वास बसला.

गावात मला मुन्शी म्हणतात. मी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेला कारकून. तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याकडून चहाच्या बदल्यात थोडी उर्दू उचलली होती. मौजा, रकबा, पहाणी हे शब्द दिसले की ओळखतो, बाकी अंदाज. पण गावात उर्दू वाचणारा दुसरा कोणी उरला नाही, त्यामुळे मी सांगेन तेच कागदात लिहिलेलं असतं.

होळी झाल्यावर एका दुपारी गावाच्या कडेला राहणारी बुढी माझ्या ओसरीवर येऊन बसली. पंच्याहत्तरी उलटलेली, जिभेला धार. म्हणाली, “मुन्शी, तुहा आजा पटवारी होता. त्याच्या बस्त्यात चौकीचे कागद हायेत म्हन्ते लोकं.”

“आहेत ना, माय.”

“माहा बाप तेथीसा पानी भरे. बेगारीनं धरून नेला होता. मी मायच्या पोटात होती. तो गेला तं आलाच नाही. माय कुकू लावतच मेली. पितरपाटात त्याले पान वाढलं नाही आमी कधी. जित्या मानसाले कसं वाढाव? आता माहेच दिस भरत आले. तो मेला का पळाला, एवढं पाहून सांग.”

“दोन दिवसांत सांगतो,” मी म्हणालो. मोठ्या रुबाबात म्हणालो.

बस्ता सोडला. लाल फडक्यात बांधलेले पिवळे कागद, त्यात आजोबांनी वर पाठवलेल्या एका रपटीची नक्कल. चौकीचं नाव दिसलं. पुढं ‘शुमाल’, म्हणजे उत्तर. ‘इमली’, म्हणजे चिंच. ‘सात’. मग घाईनं ओढलेला एक शब्द, आणि शेवटी स्वच्छ अक्षरात ‘दफन’. मधला शब्द मी ‘नुकरा’ वाचला. नुकरा म्हणजे चांदी. सात चांदी दफन! माझ्या कड्या मला मोजून मिळाल्या. खालच्या ओळीला वाळवीनं भोकं पाडली होती. ती कोण वाचत बसतो? तसाच उठलो आणि वहाणा न घालता सरपंचाच्या घरी गेलो.

बुढी डोक्यातून साफ गेली.

सरपंचाला पांदण रस्त्यासाठी मुरूम हवाच होता. तो म्हणाला, “मुन्शीजी, नगारा निघाला तं शाळेत काचेच्या पेटीत ठेवू. नाही निघाला तं मुरूम हाय.” टेकाड गायरानातलं, कोणाला विचारायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चिंचेच्या उत्तरेला जेसीबी लागला. मी हातात कागद धरून मोजमाप सांगत होतो. निम्मं गाव बघायला आलं होतं. बुढीही आली आणि चिंचेखाली दगडावर टेकली.

“मुन्शी, माह्या बापाचं काय झालं?”

“माय, आधी नगारा निघू दे.”

“नगाऱ्यानं सत्तर वर्सं वाट पाह्यली काऊन रे? मी पाह्यली.”

लोक हसले. मीही हसलो. हसण्यासारखं होतं तेव्हा.

दुपारच्या सुमाराला ड्रायव्हरनं मशीन थांबवलं आणि खाली वाकून ओरडला, “सार, एमुकलु! एमुकलु!” तेलुगूत एमुकलु म्हणजे हाडं. मी काठावरून पाहिलं. तांबड्या मुरमात दोन-चार तपकिरी काटक्या. गावातलं प्रत्येक मेलेलं ढोर टेकाडावरच ओढत नेतात, हे मला माहीत होतं, म्हणून मी जाणत्यासारखं सांगून टाकलं, “ढोराची आहेत. चालू दे.” ड्रायव्हर दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मशीन चालू केलं. त्या दिवशी अकरा ट्रॅक्टर भरून गेले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी सहा. मुरूम पांदणीवर पसरला आणि वरून रोलर फिरला.

त्याच दुपारी बकेटच्या दाताला एक जबडा अडकून वर आला. दाढा माणसाच्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, चप्पल काढली आणि मशीनपासून लांब जाऊन उभा राहिला.

मी घरी आलो. कागदाचा मोबाइलनं फोटो काढला आणि खालची ओळ बोटांनी ताणून मोठी केली. भोकं सोडून जेवढं उरलं होतं तेवढं लागत होतं. ‘हैजा’, म्हणजे पटकी. ‘छे सिपाही’. ‘एक बेगारी’. मग नजर पुन्हा वरच्या ओळीवर गेली. उर्दूत ‘फ’वर एक ठिपका, ‘क’वर दोन. लिहिणाऱ्यानं घाईत एकही दिला नव्हता; उकार तर उर्दूत लिहीतच नाहीत, आणि शब्दाचा शेवट नुसता ओढलेला. क समजून वाचलं तर नुकरा. फ समजून वाचलं तर नफर. नफर म्हणजे माणूस.

सात माणसं पुरली. रोग पसरू नये म्हणून मेलेले सगळेच, गावाला न कळवता, एका खड्ड्यात गेले असणार. आणि हा कागद बुढी माझ्या ओसरीवर बसली होती तेव्हा माझ्याच घरात होता, आणि ती सात माणसं जागेवर होती.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. पंचनामा झाला. खड्ड्यात जे राहिलं होतं ते पांढऱ्या कापडात बांधून तपासाला आदिलाबादला गेलं. राहिलं होतं थोडंच. कागदाचीही नक्कल त्यांनी घेतली. “कोणी वाचला होता?” असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी अशा वेळी माझी छाती फुगते.

बुढीच्या घरी जायला मला आणखी दोन दिवस लागले. वाटेत खोटं तयार केलं होतं. कागद फाटका निघाला, काही लागत नाही, असं सांगायचं ठरवलं होतं. खोटं तयार करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला सगळं खरंच सांगावं लागलं. नफर, नुकरा, ठिपका, दुसरी ओळ.

तिनं सुपातली तूर बोटानं एका कडेला सारली. मग म्हणाली, “म्हंजे पळाला नाही.”

“नाही, माय.”

“माह्या चुलत्यायनं मायले हयातभर टोमने मारले, तुहा नवरा दुसरी करून निजामाबादेत बसला म्हनून.” तिनं नाक पुसलं. “आन तू त्याले रस्त्यात घातलं.”

मी अंगणात सांडलेले तुरीचे दाणे वेचायला लागलो.

“रोड कोठलोक झाला?”

“नाल्यापर्यंत.”

“चाल, दाखव.”

पांदण पाऊण मैलाची आहे. ती सगळी चालली, मी मागं. दाबलेल्या मुरमात हाड कोणतं आणि चुनखडी कोणती, कळत नव्हतं. मी दोनदा खाली वाकून काहीतरी उचललं आणि दोन्ही वेळा खडाच निघाला. शेवटी तिनं रस्त्याच्या कडेची ओंजळभर माती खरवडली आणि पदराच्या टोकाला बांधली. “सातजनातला एक त हाय ना ह्यात? बाकीच्यायचंही होऊन जाईन.”

कापडात बांधून नेलेलं अजून परत आलेलं नाही. तिनं वाट पाहिली नाही. पितरपाटात तिचा मुलगा, ती आणि मी पैनगंगेवर गेलो. तिनं मला का नेलं ते मी विचारलं नाही. नदीला तांबडं पाणी होतं. मुलगा दर्भ घेऊन बसला. विधी सांगणाऱ्या महाराजांनी विचारलं, “मयताचं नाव?”

मुलानं आईकडे पाहिलं. त्याला आजोबा म्हणजे फक्त ‘आबा’. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कागदाचा माणूस मी. मला माहीत नव्हतं. तिचा बाप कागदात शोधून देतो म्हणालो होतो, आणि त्याचं नाव काय, एवढंही मी तिला विचारलं नव्हतं.

“मायनं त्याचं नाव कधी घेतलं नाही,” बुढी म्हणाली. “नवऱ्याचं कशी घेईन? मरतानी माह्या कानात सांगतलं, तेवढंच.”

ती उठली. पदर सावरला, माझ्याकडे पाठ केली आणि महाराजांच्या कानाशी वाकली. मी दोन हातांवर उभा होतो. पाण्याचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं नाही.