सीमोल्लंघनाला निघालेली मोटार

ती घटना आठवली की आजही आधी मोटार डोळ्यांपुढे येते, मग माणसं. मी तेव्हा निपाणी ठाण्यात फौजदार होतो. नावं सांगणार नाही. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट आहे, एवढं पुरे.

दसऱ्याला ठाणं रिकामं असतं. निम्मे शिपाई पालखीच्या बंदोबस्ताला, निम्मे बौद्ध वस्तीतल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेला. दिवेलागणीला आमचे हवालदार धापा टाकत आले. सभेहून परतणाऱ्या एका बाईला हमरस्त्यावर मोटारीने धडक दिली होती आणि मोटार न थांबता निघून गेली होती. ठाणे डायरीत नोंद करून मी तसाच सरकारी दवाखान्यात गेलो.

बाई चाळिशीची, विधवा, विड्या वळून पोट भरणारी. सभेसाठी नेसलेलं पांढरं लुगडं मातीनं माखलं होतं. उजवा हात मनगटापाशी मोडला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हाड जुळेल, बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही. तिची मुलगी बेळगावला नर्सिंग शिकत होती आणि ते शिक्षण त्या बोटांवरच चाललं होतं.

मोटार सापडली तर बाईला भरपाई मागता येणार होती. नाही सापडली तर दवाखान्याचा खर्चही तिच्याच गळ्यात. हे तिला समजावून सांगितलं, तरी ती एकच बोलली, "बगितली न्हाय साहेब. मागनं आली." बोलताना नजर चादरीवर. ज्याला खरंच ठाऊक नसतं तो माणूस रंग सांगतो, आकार सांगतो, दोन शिव्या हासडतो. ज्याला ठाऊक असतं तो गप्प बसतो. इथं कुठेतरी पाणी मुरत होतं.

धागा कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळीला मिळाला. नाक्याजवळच्या चहावाल्याने हवालदारांना सहज बोलता बोलता सांगितलं की दसऱ्याच्या संध्याकाळी झेंडूच्या माळांनी मढवलेली एक लांबुडकी जुनी मोटार आली, थोडी पलीकडे महाराष्ट्रात गेली, आतल्या मंडळींनी उतरून एकमेकांना सोनं दिलं आणि मोटार वळून परत निपाणीकडे गेली. नंबर माळेखाली झाकलेला. जबाब देशील का म्हटल्यावर गड्याने कानांवर हात ठेवले.

तशी मोटार आमच्या भागात एकच होती. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याची. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. वडिलांनी इंग्रजांच्या काळात घेतलेली, पितळी दिव्यांची, लाकडी स्टिअरिंगची गाडी. जखमी बाईचा भाऊ आप्पांच्याच वखारीत हमाल होता, हेही त्याच दिवशी कळलं. बाईच्या तोंडाला कुलूप कशाने लागलं होतं ते उमगलं.

आप्पांनी माझं छान स्वागत केलं. शेडमध्ये नेलं, ताडपत्री उचलून दाखवली. मोटार विटांवर चढवलेली, चाकं अधांतरी. "कैक वर्सं झाली, अशीच उभी हाय," ते म्हणाले. पुढचा एक दिवा फुटला होता; तो जुनाच फुटलेला, असं सांगितलं. गाडी वापरात नसल्याचं त्यांनी आरटीओला रीतसर कळवलं होतं, म्हणून रस्ता कर नाही. आणि विमा? उभ्या गाडीला कसला विमा, म्हणाले. बेळगावला चौकशी केली. कागदोपत्री सगळं खरं होतं.

मला मात्र त्या गाडीचं कुतूहल वाटायला लागलं होतं. नंबर अजून जुन्या मुंबई राज्याचा. छप्पन साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा नोंदणी बदलून घ्यायला हवी होती. ती का नाही केली, विचारलं तर आप्पा हसले. "गाडी हितंच उभी हाय की, साहेब. राज्य बदललं त्यात तिचा काय गुन्हा?" बोलायला माणूस मोठा गोड. पण नोंदणी धड नाही म्हणून एकही विमा एजंट त्या गाडीला हात लावत नव्हता, आणि विमा नाही म्हणून ती रस्त्यावर आणायची नव्हती. असा सगळा गुंता.

मग चौकशी सुरू केली. ड्रायव्हर, गडी, शेजारी, एकेकाला ठाण्यात बोलावलं. सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द एकच, "गाडी शेडमधनं हललीच न्हाय." खरं सांगणारी दोन माणसं कधी इतकी जुळत नाहीत. एकाला आठवतं ते दुसरा विसरलेला असतो. माझी खात्री पटली, पण खात्रीवर गुन्हा शाबीत होत नाही. चार दिवस डोकं फोडून घेतलं, कुणी ताकास तूर लागू देईना.

शेवटी आप्पांच्या आईकडे गेलो. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. ताठ कण्याची, स्वच्छ म्हातारी. तिने मला बसवून चहा दिला, आपट्याचं पान हातात ठेवलं. मी गाडीचं नावही काढलं नाही. घरातल्या चालीरीती विचारल्या. सासऱ्यांच्या काळापासून दसऱ्याला पुरुषमंडळी शीव ओलांडायला जातात, परत आली की दारात घरातली बाई औक्षण करते, मगच उंबऱ्याच्या आत. सांगताना तिचा चेहरा खुलला होता. मी चहा संपवला आणि सहज म्हणालो, "आक्का, यंदा गाडी तशीच आत घेतली म्हणे, न ओवाळता?"

आक्का खट्‌कन थांबली. "कोण म्हनतंय? या घरात असं कवा झालंय? गाडीला आदी, मग आप्पाला. मी सोता ओवाळलंय!"

दारात आप्पा उभे होते. आपण काय बोलून बसलो ते आक्काच्या ध्यानात आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. मुलाकडे वळून एवढंच विचारलं, "कुनाला लागलं का रं त्या दिवशी?" आप्पांची मान खाली गेली. आपला मुलगा माणूस पाडून पळाला, हे त्या माउलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कराची, कागदाची लपवाछपवी तिने खपवून घेतली असती. औक्षण झालं नाही असं मात्र ती मेली तरी म्हणणार नव्हती, आणि मी त्यावरच विसंबलो होतो.

आप्पांनी जबाब दिला. गाडी स्वतः चालवली होती. फुलांच्या माळांनी समोरचं नीट दिसत नव्हतं. विमा नाही हे आठवून थांबायचा धीर झाला नाही. "गाडीला बाजारात किंमतच न्हाय, मग विमा कशाचा काढायचा?" हे ते अगदी मनापासून विचारत होते. मी चिडलो. म्हटलं, आप्पा, तो विमा गाडीसाठी नसतोच. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसासाठी असतो. गाडी वर्षातून एकदाच निघते, पण त्या माणसाला हात उभ्या जन्मात दोनच असतात.

त्यांना शिक्षा झाली. भरपाईचा दावा बेळगावच्या न्यायाधिकरणापुढे चालला. तिथं बाई न घाबरता बोलली. विमा कंपनी मधे नव्हतीच, म्हणून सगळी भरपाई आप्पांच्या अंगावर आली. मोटार विकावी लागली. पुण्याकडच्या एका शौकिनाने ती ट्रकवर घालून नेली. विका, असं आक्काच म्हणाली, असं मागाहून ऐकलं.

लोक कायदा मोडतात ते दर वेळी वाईट बुद्धीने नव्हे. आपल्या घरातली गोष्ट कायद्याच्या बाहेरची आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं. आप्पांना ती मोटार वाहन वाटतच नव्हती, घरातलं वडीलधारं माणूस वाटायची. पण चाक रस्त्याला लागलं की कायदा तिचं वय विचारत नाही. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

पुढे एकदा ती बाई बाजारात भेटली. बोटं वळत नव्हती, विड्या सुटल्या होत्या. पोरगी दवाखान्यात नोकरीला लागली, हे मात्र तिने तोंडभर हसून सांगितलं. मी मोटारसायकलीला किक मारणार तोच तिने डाव्या हाताने दिव्यावर थाप मारली.

"साहेब, हिचा विमा हाय न्हवं?"

आहे, म्हणालो. ठाण्यात आल्यावर टोपीही न काढता आधी कागद काढला आणि तारीख वाचली. मुदत होती. तरी पुन्हा एकदा वाचली.