वर्तन कुणाचं

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका मध्यम कारखान्यात मी बारा वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. हुद्दा भारदस्त इंग्रजी होता. काम मात्र प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सर्व्हरपर्यंत पडेल ते. सगळे मला मॅडम म्हणत, फक्त स्टोअरचे काका ताई म्हणायचे.

काका देवळाली प्रवराहून रोज एसटीने यायचे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकलेले, एका बोटाने टाइप करणारे, पण डोकं असं की मला हेवा वाटायचा. आमच्याकडे ड्रॉइंगच्या फायलींना नुसते नंबर असत. मशीनवरचा माणूस स्टोअरच्या खिडकीत येऊन 'तो तीन भोकांचा गोल द्या' म्हणणार आणि काका नंबर शोधत बसणार. मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो चालवला की प्रत्येक नंबरापुढे माणसांना कळेल असं नाव लागायचं. 'गोल तीन भोकी', 'डाव्या अंगाची पट्टी', 'वाकडी कडी मोठी'. मला आधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नियम दाखवला असता, हे त्यांना ठाऊक असणार.

त्याच सुमारास शेजारच्या कारखान्याचे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केल्याची बोलवा उठली आणि मी मालकांच्या मागे लागून नवं अँटिव्हायरस घ्यायला लावलं. जुन्याकडे ओळखीच्या चोरांची यादी असायची. यादीत नसला की कुणीही आत. नवं नाव विचारत नाही, वागणं बघतं. एखादा प्रोग्राम भराभर फायली उघडून बदलायला लागला की तो कुणाचाही असो, आधी त्याचा हात धरायचा, चौकशी मागाहून. बैठकीत मी हे गेटवरच्या वॉचमनचं उदाहरण देऊन सांगितलं. पर्सोनेलच्या साहेबांना ते फार आवडलं. "माणसांचंही असंच असतं," म्हणाले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी माझ्या स्क्रीनवर लाल चौकट आली. स्टोअरच्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम शेकडो फायलींची नावं बदलत होता, त्याला अडवलं होतं. मी धावत गेले. काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"ताई, माजं यंत्र मधीच थांबलं बगा. काय चुकलं का माजं?"

दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. मी हसले, तेही हसले. प्रोग्राम विश्वासातल्या यादीत टाकायला एक बटण असतं, ते मी त्याच दुपारी दाबलं. प्रोग्राम निर्दोष सुटला.

महिनाअखेरीला मालकांना अहवाल द्यायचा होता. नव्या अँटिव्हायरसने काय केलं? तर काही नाही. एवढा आग्रह धरून घेतलेली वस्तू नुसती बसून आहे, हे कसं लिहायचं? माझ्या पदरात एकच घटना होती. मी लिहिलं: 'स्टोअर विभाग. संशयास्पद वर्तन आढळले. अटकाव केला.' खाली, स्क्रीनवर होतं तसंच, काकांचं नाव.

ध चा मा केला असता तर निदान पकडले तरी गेले असते. मी स्क्रीनवरचं इंग्रजी जसंच्या तसं मराठीत उतरवलं. तिकडे तो शब्द प्रोग्रामचा होता, इकडे आला आणि माणसाचा झाला. आमच्या कारखान्यात वर्तन म्हणजे एकच, पर्सोनेलच्या कपाटातल्या फायलीत ज्यावर शेरा पडतो ते. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुढे एकदोघांना सांगितलं. ते खोटं आहे. 'प्रोग्रामचे' हा शब्द मी आधी लिहिला होता. ओळ मिळमिळीत वाटली म्हणून खोडला.

चार दिवसांत गेटवर काकांची झडती सुरू झाली. सुटी झाली की बाकीचे पुढे जायचे आणि काकांना बाजूला घेऊन त्यांची पिशवी उघडायची, डबा उघडायचा, मोबाईल बघायचा. स्टोअरवाला ड्रॉइंग बाहेर विकतो, अशी कुजबुज मशीनवरच्या माणसांपर्यंत गेली. ज्यांच्यासाठी त्यांनी नावं लावली होती तीच माणसं खिडकीत आली की नंबर सांगून चटकन निघायला लागली.

एका दुपारी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, माजं वर्तन खराब हाय असं तुमी लिवलंय व्हय?"

"काका, ते तुमचं नाही. तुमच्या प्रोग्रामचं आहे. यंत्राची भाषा आहे ती."

"मला समजलं. मंग येवढं सायबांना सांगा की. माजी लई वर्सं झाली हितं, डबा कुनी उघडला न्हवता."

"आजच सांगते," मी म्हणाले, आणि खरंच गेले. केबिनमध्ये पर्सोनेलचे साहेब आणि मालक दोघंही होते. मी तोंड उघडायच्या आधी मालकच म्हणाले, "या, तुमचंच चाललं होतं. वेळेवर पकडलंत." साहेबांनी चहा मागवला. आता सांगू, मग सांगू, असं करत मी तो चहा संपवला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? अहवाल पोकळ होता एवढं कळलं असतं, मालक जरा हसले असते. कुणी मला फासावर देत नव्हतं. पण त्या खुर्चीत बसून कौतुक ऐकायला बरं वाटत होतं, आणि मी कप ठेवून बाहेर आले.

काका जिन्यापाशी थांबले होते.

"सांगितलं का, ताई?"

"सांगितलं," मी म्हणाले.

झडती थांबणार नव्हतीच. ती चालू राहिली आणि आता काकांना तिचा अर्थ वेगळा लागला. गैरसमज आहे तोवर माणूस कळ काढतो, उद्या दूर होईल म्हणतो. माझ्या एका शब्दाने त्यांची ती सोय गेली. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. जायच्या दिवशी मात्र ते मला भेटून गेले.

"खरं कळूनबी डबा उघडत्यात," ते म्हणाले. "मंग काय ऱ्हायलं हितं? तुमी मातर बोलला माज्यासाटी. बाकी कोन बोललं न्हाई."

त्यांची एसटी चुकेल म्हणून ते निघाले, आणि मी त्यांना फाटकापर्यंतही सोडायला गेले नाही, कारण तिथे त्यांची पिशवी उघडणार होते.

पुढे मी ती नोकरी सोडली. परवा एका लग्नाला देवळाली प्रवराला गेले होते. मांडवात काका भेटले. खूप थकलेत, ऐकायलाही कमी येतं. हाताला धरून घरी घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "ह्याच त्या ताई. सगळा कारखाना माज्याकडं चोरावानी बगत हुता, तवा ह्या एकट्या सायबाफुडं उब्या ऱ्हायल्या."

या वयात त्यांचा एवढा एक आधार कशाला काढून घ्यायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत सोयीची होती. खरं हे की त्या घरात माझ्याविषयी जे बोललं जात होतं ते मला ऐकायचं होतं, तेव्हा केबिनमध्ये ऐकायचं होतं तसंच.

काकूंनी पाट मांडला, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. "तुमचं नाव रोज निगतं घरात," म्हणाल्या. मी वाकून त्यांना नमस्कार केला आणि तशीच निघाले.