तिसरी बाटली

सरूबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. सरकारी कागदात त्यांच्या कामाला लांबलचक नाव आहे, पण पोरं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. शाळा लोणावळ्याच्या मागच्या डोंगराआड, भातखाचरांच्या कडेला आहे. शिक्षक दोन, मुख्याध्यापक आणि मी. सहावी-सातवी मिळून अकरा पोरं माझ्या वाट्याला आली आहेत. मी देहूरोडचा. रोज मोटारसायकलने येतो, आणि पावसाळ्यात शाळेत पोचेपर्यंत निम्मा राग वाटेतल्या खड्ड्यांवर खर्च झालेला असतो. उरलेला निम्मा पोरांना मिळतो. माझा राग नाकावर असतो हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

मावशी साठीच्या आसपासच्या. अंगाने काटक, बोलायला तिखट. तांदूळ निवडायचं ताट घेऊन त्या रोज माझ्या वर्गाच्या दाराशी बसत. स्वयंपाकाच्या खोलीत उजेड कमी, हे त्यांनी सांगितलेलं कारण. खरं कारण मला महिनाभरात कळलं. भाषेच्या तासाला ताटभर तांदूळ दहा मिनिटांत निवडून व्हायचे, विज्ञानाच्या तासाला मात्र तेवढेच तांदूळ काही केल्या संपत नसत.

एकदा मी दोन बाटल्या उन्हात ठेवल्या. एक उघडी, एक झाकण लावलेली, दोन्हीत तापमापक. झाकलेल्या बाटलीतला पारा वर चढला. पृथ्वीभोवतीच्या हवेत काही वायू वाढले की ऊब अशीच आत अडकून राहते, हे मी परोपरीने सांगत होतो आणि पोरं माझ्याकडे मख्खासारखी बघत होती. तेवढ्यात दारातून आवाज आला, "उन्हात हुबी ऱ्हायल्याली यस्टी. समद्या खिडक्या लावल्याल्या. आत बसून बगा म्हनावं."

अकराच्या अकरा पोरांना समजलं. मी अर्धा तास घसा कोरडा केला होता.

जुलैत पुस्तकात दाखवल्याप्रमाणे प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाटली काठोकाठ भरून वाहत होती. किती पाऊस पडला ते देवालाच ठाऊक. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, ह्ये पुन्याच्या पावसाचं मापटं हाय. आमच्या पावसाला पिंप लागंल."

मी हसून म्हणालो, "मावशी, तुमचं नाव आता हजेरीतच घालतो."

त्याही हसल्या. "माजं नाव कंच्याच हजेरीत न्हाई आलं आजवर. शाळंच्या वयात धाकला भाऊ कडंवर व्हता." एवढं बोलून त्या ताटावर वाकल्या. माझा तो विनोद मी तासाभरात विसरलो.

ऑगस्टमध्ये वडगावला तालुक्यातल्या शाळांचं पर्यावरणाच्या प्रयोगांचं प्रदर्शन ठरलं. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. मी प्रयोग निवडला साधाच. दोन लिटरच्या तीन बाटल्या आडव्या ठेवून वरून कापायच्या, त्यात माती दाबून भरायची. पहिलीत नुसती माती, दुसरीत मातीवर पालापाचोळा, तिसरीत गवत. बाटल्यांच्या तोंडाखाली ग्लास ठेवायचे आणि तिन्हीत सारखं पाणी ओतायचं. गवताखालून येणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला हवं, नुसत्या मातीतून गढूळ. पावसात डोंगर का सुटतात हे सांगायला आमच्या वाडीला याहून सोपा प्रयोग नाही.

पोरांनी ओढ्याकाठचं गवताचं बी आणून तिसऱ्या बाटलीत टाकलं. मी प्रयोग समजावून सांगितला त्या आठवड्यात मावशी भातलावणीसाठी रजेवर होत्या. परत आल्यावर त्यांनी व्हरांड्यातल्या तीन बाटल्या पाहिल्या, आपल्या नातीला, सातवीतल्या तेजलला विचारलं. ती घाईत होती. "आम्ही बी पेरलंय," एवढंच बोलून पळाली. मावशी तेव्हापासून रोज झाडलोट झाली की त्या बाटलीवर हाताने पाणी शिंपडायच्या. तीन आठवड्यांत गवत बोटभर वाढलं. मी खूश होतो.

प्रदर्शन शनिवारी होतं. गुरुवारी सकाळी आलो, तर तिसऱ्या बाटलीत गवताची एक काडी शिल्लक नव्हती. माती बोटांनी भुसभुशीत केलेली, वरून थापटलेली, मधोमध तीन खळगे. मी ओरडलोच. मावशी हात पुसत हौसेनं बाहेर आल्या.

"म्या काडलं तन," त्या म्हणाल्या. "पोरांनी पेरलं काय नि उगावलं काय! बी वाया गेल्यालं दिसतंय. म्हनून घरचा घेवडा टोचलाय तीन जागी. चार दिसांत वर यील बगा."

आयुष्यभर खाचरातलं तण काढलेली बाई. तिला गवत दिसलं आणि बोटं आपोआप तिकडे गेली. पोरं हिरमुसायला नकोत म्हणून जपून ठेवलेलं बियाणंही घरून आणलं. हे मला आज कळतं. त्या सकाळी मला फक्त शनिवार दिसत होता.

"कळत नाही तर हात कशाला लावता?" मी म्हणालो. "खिचडी आहे का ही? मुळं माती धरून ठेवतात, पाणी गढूळ येऊ देत नाहीत, तेच तर दाखवायचं होतं! तीन आठवडे पाण्यात घातलेत तुम्ही!"

अकरा पोरं उभी होती. तेजल मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. मावशी म्हणाल्या, "चुकलं गुरुजी," आणि आत गेल्या.

मी बाटली खिडकीखाली नेऊन पालथी केली.

त्या दिवशी तांदळाचं ताट दाराशी आलं नाही. शुक्रवारीही नाही. मावशींनी खिचडी वेळेवर वाढली, मला लोणच्याची फोडही न विसरता दिली, पण नजर वर केली नाही. मी पोरांना मैदानातलं गवत खणून आणायला लावलं. ते कालपरवाच्या पावसाचं, केसासारखी मुळं. बाटलीत बसवून पाणी ओतलं, तर खाली चहासारखं गढूळ आलं. तासाला शिकवताना दोनदा दाराकडे बघून घेतलं. उंबऱ्याशी कुणी नसलं की वर्ग किती मोठा वाटतो! माफी मागावी असं मनात येत होतं. पण मास्तर माणसाच्या जिभेला शिकवायची सवय असते, चुकलं म्हणायची नसते. प्रदर्शन होऊ दे, मग बघू, असं म्हणून मी ते ढकललं.

शनिवारी सकाळी दोनच बाटल्या न्यायच्या ठरवून शाळेत आलो. व्हरांड्यात तीन होत्या. तिसरीत हरळीचा दाट, हिरवागार तुकडा अगदी मापात कापून बसवलेला. मी बोट घालून बघितलं. मुळांची अशी वीण होती की मातीचा कण सुटेना. कुणा पोराच्या बापानं आणून ठेवलं असेल असं धरून चाललो. विचारायला वेळ नव्हता, जीप उभी होती.

वडगावला तेजलनं पाणी ओतलं. पहिल्या बाटलीखालचा ग्लास तांबडा झाला, दुसरा फिकट, आणि तिसऱ्यात पाणी असं आलं की परीक्षकांनी तो उचलून उजेडात धरला. "गवत फार छान धरलंय," ते म्हणाले. "कसं वाढवलं?"

"मुलांनीच," मी म्हणालो. "तीन आठवडे मेहनत घेतली."

तेजलनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला.

शनिवारी संध्याकाळपासून जो पाऊस लागला तो रविवारभर थांबला नाही. सोमवारी शाळेत पोचलो तर चूल थंड. मावशी आल्या नव्हत्या. अकरा वर्षांत त्यांनी न सांगता दांडी मारली नव्हती असं मुख्याध्यापक म्हणाले. मी तेजलला विचारलं.

"आजी खाचरावर हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, एका दमात, "बांध फुटलाय. तिनं गवत कापलं तितूनच."

खाचराचा बांध म्हणजे त्या शेताची भिंत. तिच्यावर हरळी असते म्हणून पावसात ती उभी राहते. बांधावरचं गवत वरून कापतात, मुळासकट कुणी काढत नाही. शाळेतला अडाणी मास्तरही एवढं जाणतो.

मी फावडं घेतलं. पोरांना म्हणालो, "चला." तिसरी बाटली तेजलनं उचलली.

खाचर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. एकच, मावशींचं वर्षाचं भात त्यात. बांधाला हातभर रुंद खांड पडली होती. आतलं सगळं पाणी तांबडं होऊन खालच्या ओढ्यात चाललं होतं, आणि त्या बाजूची रोपं चिखलाखाली आडवी झाली होती. मावशी डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं घेऊन एकट्याच दगड लावत होत्या. वडगावला जे मी ग्लासात दाखवून आलो, ते इथे वाहत होतं.

"मावशी, बांधाचं गवत कशाला काढलंत?" मी विचारलं. "दुसरीकडचं चाललं असतं."

"न्हाई चाललं," त्या दगड बसवत म्हणाल्या. "शुक्रवारी बगितलं की म्या, मैदानातल्या गवताचं पानी कसं आलं. ही हरळी माज्या सासऱ्याच्या टायमाची. मूळ खोल. तुमीच म्हनला न्हवं, मूळ माती धरून ठेवतं? शनवारी शाळंवर जाताना कापलं, माती दाबून बुजवलंबी व्हतं. उघडीप दिसत व्हती. पाऊस काय मला इचारून येतो?"

रागावून का होईना, मी जे ओरडलो होतो, तेही त्यांनी धडा म्हणून ऐकून घेतलं होतं. मला माझी इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. पोरांसमोर म्हणालो, कारण बोललोही पोरांसमोरच होतो. "गवताचं नाही. तुम्हाला बोललो ते. आणि वडगावला गवत पोरांनी वाढवलं म्हणून सांगितलं, तेही."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मास्तरानं रागवायचंच असतं, गुरुजी. पन माज्या तेजलपुढं म्हनलात, कळत न्हाई. ते लागलं." डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी चिखलाच्या मनगटानं पुसलं, आणि चिखल गालाला लागला. तेजलनं बाटली खाली ठेवली आणि आपल्या ओढणीनं आजीचा गाल पुसला.

मग सगळेच कामाला लागले. पोरांनी दगड आणले, मी चिखल ओढला, मावशी हुकूम सोडत होत्या. "आवो गुरुजी, असं न्हवं, पायानं दाबा! पगार घेता न्हवं?" पोरं खिदळली. शेवटी तेजलनं बाटलीतला हरळीचा तुकडा अलगद काढून आजीच्या हातात दिला. खांड आता त्या तुकड्याच्या चौपट झाली होती. मावशींनी तो मधोमध बसवला, कडेनं हरळीची तुटकी मुळं खोचली, आणि वर तळहात दाबून काही वेळ तशाच बसून राहिल्या. पाणी थांबलं. चिखलाखाली गेलेली रोपं मात्र गेलीच.

"धरेल का?" मी विचारलं.

"हरळी हाय ती. धरल. टायम लागंल," त्या म्हणाल्या.

मंगळवारी खिचडीच्या फोडणीचा वास नेहमीच्या वेळी आला. दाराशी ताट मात्र नव्हतं. मी फळ्यावर तारीख लिहिली, उगाच पुसली, पुन्हा लिहिली. खिडकीखाली पालथ्या केलेल्या मातीतून घेवड्याचे दोन कोंब वर आले होते, ते पोरांना दाखवले. उंबरा रिकामाच होता. बोलावलं तर त्या येतील, पण कामाला बोलावल्यासारख्या येतील, हे मला ठाऊक होतं.

मी हजेरीपट उघडला. अकरा नावं घेतली, अकरा वेळा "हजर सर" झालं. मग अकराव्या नावाखाली पेननं बारावं लिहिलं. नियमात बसत नाही, साहेब बघतील तेव्हा बघतील. आणि आवाज स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत जाईल असा मोठ्यानं वाचलं,

"सरूबाई कोंडाजी."

पोरांच्या माना दाराकडे वळल्या. आतला डावाचा आवाज थांबला. मी पुन्हा पुकारलं नाही. हजेरी एकदाच घ्यायची असते. मान खाली घालून, पेन हातात धरून, त्या नावापुढच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं बांगड्या वाजल्या. मावशी दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा केलेला, हातात तांदळाचं ताट. उंबऱ्याशी बसायला त्या वाकल्या, थांबल्या, आणि मग आत येऊन तेजलच्या शेजारी खाली बसल्या.

"हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "हितंच हाय."