ऐकणारा डबा

मुलाने गाणी ऐकायला दिलेला डबा ओट्यावर असतो. स्वयंपाक करताना मी एकटीच गुणगुणते. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. काल शहरातून सुनेचा फोन आला. "आई, काय गोड गाता हो! आम्ही सगळ्यांनी ऐकलं." तो डबा माझा आवाज त्यांच्या मोबाइलवर पाठवत होता. मुलाला हे माहीत होतं, मला कुणी सांगितलं नाही. "अहो, कौतुकच केलं ना?" सून हसली. मला मात्र न्हाणीचं दार कुणीतरी ढकलल्यासारखं झालं.

कान देणारं माणूस निदान समोर दिसतं. आज डबा काढून जुना रेडिओ ठेवला. तो नुसता बोलतो, ऐकत नाही. तरी गाणं ओठांवर आलं की मी आधी रेडिओकडे बघते, आणि गप्प राहते.