अर्जातला धोकादायक माणूस

हे लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. या सगळ्यात माझ्या हातून झालेले काम लिहिण्याचेच आहे, त्यामुळे पुन्हा लिहायला हात धजत नव्हता.

तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आता शेवटच्या वर्षाला आहे. उरण आणि पेण यांच्या मधल्या खाडीकाठी आमचे गाव. गावातली बहुतेक माणसे मिठागरावर कामाला. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. सुट्टीत घरी आलो की गावाचे सगळे लिहिण्याचे काम माझ्याकडे येई. मला ते आवडे, हे कबूल केले पाहिजे.

अर्ज लिहिण्याची आमच्या गावची एक रीत होती. एकदा तिघा-चौघांची पोटे बिघडली, तेव्हा पोलीस पाटलांनी तालुक्याला साधेच कळवले. कोणी आले नाही. मग पाटलांनी, त्यांना मी मामा म्हणतो, माझ्याकडून 'गावात पटकीने कहर केला आहे' असे इंग्रजीत लिहून घेतले, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर हजर झाला. आल्यावर तो चिडला, पण औषध देऊन गेला. तेव्हापासून सरकारला चढवून लिहायचे, म्हणजे ते निम्मे तरी खरे मानते, असा आमचा समज झाला.

शेजारच्या दादाचे डोके फिरले ते त्या वर्षी होळीनंतर. तो तिशीचा असेल. मिठागरात भरतीचे पाणी घ्यायला बांधाला लाकडी दार असते, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. या उघाडीतून कोणीतरी सगळा समुद्र आत सोडणार आहे, असे त्याच्या मनाने घेतले. मीठ ओढायची लांब दांड्याची फळी घेऊन तो उघाडीवर उभा राहू लागला. कोणाला दार उघडू देईना. पाणी नाही तर मीठ नाही, काम थांबले.

त्याने कोणाला मारले नव्हते. फळी उगारून अंगावर येई, हे खरे. पण समोरच्याने बांधावर बसकण मारली की तोही बसे, फळी बाजूला ठेवी आणि विडी मागे. हे गावात लहान पोरांनाही ठाऊक होते. काकी, म्हणजे त्याची आई, रोज दुपारी भाकरी घेऊन जाई, आधी बसे आणि मग त्याला हाक मारी. दोघे तिथेच जेवत.

त्याला वेड्यांच्या सरकारी इस्पितळात न्यावे असे ठरले. काकीच म्हणाली, "तिथं औषध देतात म्हनं. न्या, पन लवकर न्या."

मामांच्या ओटीवर बसून मी अर्ज लिहिला. पहिल्यांदा लिहिले ते एवढेच, की या इसमाच्या डोक्यावर परिणाम झाला असून त्यास उपचाराची गरज आहे. त्याचा अर्थ सांगितल्यावर मामा हसले.

"हा अर्ज फायलीत झोपंल. आजारी मानसं काय सरकारला कमी हायत? धोकादायक हाय म्हनून लिही."

"पण मामा, तो कुठं धोकादायक..."

"न्हायच. ते आपल्याला ठावं हाय. सरकारला कशाला सांगतोस?"

मग मी 'अत्यंत धोकादायक' असे लिहिले. कोयत्याचे कसे आले, ते मला नक्की सांगता येत नाही. त्याच्याकडे हत्यार काय आहे, असे कोणीतरी विचारले, तर कोणीतरी म्हणाले, घरात कोयता असेलच. कोयता तर आमच्याही घरात होता. 'जवळ कोयता बाळगून असतो' हे वाक्य मला कोणी सांगितले की मीच जुळवले? पुष्कळदा आठवून पाहिले. कधी मामांचा आवाज ऐकू येतो, कधी फक्त माझा टाक दिसतो. आणि बसण्याची गोष्ट मी लिहिलीच नाही. ती लिहिण्यासारखी आहे असे कोणालाच वाटले नाही. सरकारी अर्जात ती कशी मांडावी, हेही मला कळले नसते.

आठव्या दिवशी सकाळी फौजदार चार बंदूकवाले शिपाई घेऊन आले. आम्हाला वाटले होते, एखादा हवालदार आणि दोरी येईल. मिठाच्या चळवळीत आमच्या बाजूला फार धरपकड झाली होती, त्याला वर्ष-दीड वर्षच झाले होते. मिठागरात हातात काहीतरी घेऊन उभा असलेला माणूस त्यांना कसा दिसला असेल, हा विचार मला पुष्कळ नंतर सुचला.

बांध अरुंद, एका वेळी एकच माणूस चालेल एवढा. फौजदार पुढे, शिपाई मागे. गावातल्या कोणी बांधावर चढायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. आम्ही खाली चिखलात उभे होतो. काकीला बायांनी धरून ठेवले होते.

"हत्यार टाक," फौजदार ओरडले.

दादा फळी उगारून चालत आला, नेहमी येई तसाच.

"साहेब, बसा," माझा बाप खालून म्हणाला.

फौजदारांनी मान वळवली. "काय?"

"खाली बसा साहेब. तो पन बसंल."

मग सगळेच बोलू लागले. बसा साहेब. बसा हो. एक म्हातारा स्वतः चिखलात बसून दाखवू लागला, तेव्हा पोरे हसली. पोरे हसली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

"मला बसायला सांगतो? कोण तो?" फौजदारांचा आवाज चढला होता.

मी वीस-पंचवीस पावलांवर होतो. मी इंग्रजीत बोललो तर ते ऐकतील असे मला वाटत होते. मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो. आधी क्षमा मागावी की सरळ सांगावे, ते ठरत नव्हते. तेवढ्यात दोन बार झाले. दादा बांधावरून मिठाच्या बाजूला पडला.

काकीने हाक मारली नाही. बायांच्या हातांतून ती खाली बसली. सवयीने, की पायांतले बळ गेले म्हणून, ते मला कळले नाही.

पंधरा दिवसांनी चौकशीला प्रांतसाहेब यायचे होते. आदल्या दिवशी मामा घरी आले आणि माझ्या बापाला म्हणाले, "लिहिलंय तेच पोरानं सांगावं. फिरला तर सरकारला खोटं लिहिलं असं ठरंल. फी-माफी जाईल, कॉलेज जाईल, नि अर्जाखाली अंगठे देनारे आपन सगळे आत."

काकी दोन घरांमधल्या कुडापाशीच उभी होती. मामा गेल्यावर आत आली.

"बाला, माझं एकच म्हननं. तो धोक्याचा नव्हता, एवढं साहेबाच्या कानावर घाल. मग त्यांना काय करायचं ते करू दे."

"सांगतो, काकी," मी म्हणालो.

चावडीत प्रांतसाहेबांच्या पुढ्यात माझा अर्ज होता. "अक्षर तुझं?"

"होय."

"चांगलं आहे. हा इसम धोकादायक होता?"

मी म्हणालो, "लिहिण्यापुरता होता, साहेब."

मला खरेच तेच म्हणायचे होते, असे तेव्हाही वाटले, आजही वाटते. साहेबांनी वर पाहिले. "म्हणजे होता की नव्हता?"

"अर्जात तसं आहे," मी म्हणालो.

कारकुनाने जबानी लिहून माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. 'होता' असे लिहिले होते. टाक माझ्या हातात होता. खाली बंदरात साहेबांचा मचवा थांबला होता, पाणी उतरायच्या आत निघायचे म्हणून कारकून बोटांनी मेज वाजवत होता. मी सही केली.

काकी बाहेर उन्हात उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर सगळ्या बायांना सांगू लागली, पोरानं साहेबाच्या तोंडावर सांगितलं. पुढे निकाल आला, की शिपायांनी जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली. तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पोरानं सांगितलं व्हतं. त्यांनी ऐकलं न्हाय."

मामा चावडीत माझ्या शेजारीच उभे होते. माझे उत्तर त्यांनी ऐकले होते. तिचे हे बोलणेही ते ऐकत आणि मान हलवत. ते मला वाचवत होते, तिला, की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कॉलेज उघडायच्या वेळी मी निघालो, तेव्हा काकीने सुकटीची पुडी आणून दिली. ती मी घेतली.