दोन पापलेटांच्या बदल्यात पाहिलेला तेरावा भाग

आमच्या वाडीतल्या इंदूकाकीने मला फसवलं. मी नऊ वर्षांची असताना तिने माझ्याकडून दोन पापलेटं घेतली आणि बदल्यात जे दाखवायचं ठरलं होतं, ते तिच्या घरात नव्हतंच. हे मला मागच्या महिन्यात कळलं. मोठी अडचण अशी, की ते मी पाहिलं होतं.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तारकर्लीला माझ्या चार खोल्या आहेत. पर्यटक विचारतात, "इथे काही भयानक अनुभव येतो का हो?" मी म्हणते, येतो ना, बिल बघताना. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सुरुवात केलेली बाई मी. मालवणच्या बंदरावर लिलावात मी बोट वर केलं, की त्यावर कुणी कागद मागत नाही. म्हणून कुणी खोटारडी म्हटलेलं मला सहन होत नाही. आणि ते नेमकं एका सिरियलवरून म्हटलं गेलं...

लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'यान बारह' नावाची हिंदी मालिका लागायची. अंतराळयान, चंदेरी कपड्यातले लोक, आणि डब्बू नावाचा एक यंत्रमानव. डब्बू म्हणजे उघड उघड पत्र्याचं पिंप होतं, पण आमचा जीव त्याच्यावर. वाडीत टीव्ही एकच — इंदूकाकीकडे, पडवीत, स्टुलावर. काकीचा नियम साधा होता. मासे आणील तो पुढे बसेल, बाकीचे दाराबाहेर. मी दर रविवारी चार बांगडे देऊन पुढची जागा धरायची. माझा चुलतभाऊ बाबलो माझ्याच बांगड्यांवर शेजारी बसायचा.

बाराव्या भागात यान उडालं आणि डब्बू परक्या ग्रहावर मागे राहिला. आम्ही सहा पोरं ढसाढसा रडलो. तेराव्या भागासाठी काकीने भाव वाढवला — तीन पापलेटं! मी भांडून दोनवर आणलं आणि वडिलांच्या जाळ्यातली दोन घरी न सांगता उचलली. त्यासाठी नंतर मारही खाल्ला. पण तेरावा भाग पाहिला.

त्यात डब्बू एकटाच होता. अंगाला गंज चढलेला. माडाच्या हिरांची केरसुणी घेऊन यान जिथून उडालं ती जागा तो रोज झाडत होता. झाडताना म्हणत होता, "यान येतला तेवा खळा साफ होया." म्हणजे यान येईल तेव्हा अंगण स्वच्छ हवं. शेवटी आभाळात एक बारीक उजेड दिसला. डब्बूने वर पाहिलंच नाही... तो झाडत राहिला. संपलं.

हिंदी मालिकेतला यंत्रमानव मालवणीत कसा बोलला, असं तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही. एरवी निम्मं हिंदी डोक्यावरून जायचं, त्या दिवशी सगळं कळलं याचाच आनंद.

यंदा 'यान बारह' नव्याने काढली. मी हौसेने मोबाईलवर जुन्या चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे रोज युद्ध. जुन्यांचं म्हणणं, नव्या यानात इतका अंधार आहे की कॅप्टनने लाइटबिल थकवलेलं दिसतं. नव्यांचं म्हणणं, जुन्या यानाची दोरी दिसायची. मी दोरीच्या बाजूने. निदान दोरी दिसण्याइतका उजेड तरी होता! नवा डब्बू तर गुळगुळीत, पांढरा, फ्रिजसारखा. त्याच्यावर कोण रडणार?

अशाच एका भांडणात मी लिहिलं, "जुन्याचा शेवट बघा. तेराव्या भागात डब्बू केर काढतो, त्याची सर नव्याला येणार नाही."

ग्रुपच्या ॲडमिनने उत्तर दिलं, "ताई, तेरावा भाग नाहीच. मालिका बाराव्याला बंद पडली. तेरावा शूटसुद्धा झाला नाही."

मी म्हटलं, मी पाहिलाय. दोन पापलेटं मोजून पाहिलाय. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, "ताईंनी डब्बूला मालवणी शिकवलं, आता सोलकढी पाजा." दुसऱ्याने सरळ लिहिलं — खोटारडी.

माझं डोकं फिरलं. उरलेल्या पाचही पोरांना — आता सगळी पन्नाशीला आलेली — फोन केले. आधी काही न सांगता विचारलं, 'यान बारह'चा शेवट काय होता? पाचांनीही केरसुणी सांगितली. बाबल्याने तर डब्बूचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग आम्ही दोघं इंदूकाकीकडे गेलो. तिची साक्ष घ्यायची आणि त्या ॲडमिनच्या तोंडावर मारायची.

भर दुपारी काकी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. आता ऐंशी उलटलेली, पण नजर पक्की.

"खयचो तेरावो भाग गो शैले?"

"शेवटचो. डब्बू केर काढता तो."

"त्या आयतवारी टीव्ही हयसर होतो खंय? बिघडलेलो. तुझ्या काकांनी आदल्या दिवशीच एस्टीत घालून कणकवलेक न्हेल्यानी. आठ दिवसांनी परत इलो."

बाबलो बोटांवर आयतवार मोजायला लागला. मला मात्र पहिली आठवण पापलेटांची झाली.

"मगे माझी पापलेटां कित्या घेतलंस?"

"तू दारात घेवन उभी. माझा तेल तापलेला. नको म्हणू?"

"आणि आमी काय बघलाव?"

काकी हातातली सोलं पसरत म्हणाली, "तां मी काय सांगू? मी म्हटलंय, पोरां घडीभर बसतील नि जातील. भायर येवन बघलंय, तर सगळी रिकाम्या स्टुलाकडे टक लावन! स्टुलावर नुसतो माझो क्रोशाचो रुमाल. कोण हसता, कोण रडता. तू तर रडान रडान लाल. मी घाबरलंय, गुपचूप आत गेलंय."

"आणि इतकी वर्षां बोललंस नाय?"

"बोललंय असता तर तू पापलेटां परत मागलं असतस!"

बाबलो हळूच म्हणाला, "देवाक गाऱ्हाणा घालूया."

मी उखडले, "काय म्हणान? म्हाराजा, आमची सिरियल खंयसून इली?"

मी काकीला बजावलं, की नसलेल्या मालावर मोबदला घेणं म्हणजे शुद्ध फसवणूक. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुका पापलेटां परत होयी? घेवन जा. पण तो तेरावो भाग माका परत दी."

पंचवीस वर्षं भाव करतेय मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी सौदा अर्धवट टाकून उठले.

इथेच संपलं असतं तर मी म्हटलं असतं — पोरंच ती, रिकाम्या स्टुलावर मनातलं पाहिलं असेल. पण मागच्या रविवारी नव्या मालिकेचा शेवटचा भाग आला. बाबलो आणि मी माझ्या ऑफिसात बसून पाहिला. अंधार, अंधार, कॅप्टनच्या बालपणाचं दुःख, पुन्हा अंधार... आणि अचानक ऊन पडलं. मोकळं मैदान. फ्रिजसारखा डब्बू, अंगाला गंज, हातात माडाच्या हिरांची केरसुणी. तो झाडत होता. काहीतरी पुटपुटत होता. खाली अक्षरं आली — 'अज्ञात भाषा'.

"अज्ञात खंयची मेल्यानू!" बाबलो ओरडला.

यान येतला तेवा खळा साफ होया. स्वच्छ ऐकलं आम्ही. मग आभाळात बारीक उजेड. डब्बूने वर पाहिलं नाही.

फ्रिजवर रडायचं नव्हतं, पण रडले.

ग्रुपवर आनंदाला पूर आला होता. "नव्या मालिकेतली ही एकच गोष्ट अस्सल नवी!" नवी? एकाने त्या परग्रहावरच्या भाषेचं व्याकरण मांडायला घेतलं होतं. मी लिहिलं, ही भाषा मी रोज भाजीवाल्याशी बोलते. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. कारण काय, तर मी तीन आठवडे आधीच शेवट फोडला होता! ज्यांनी मला खोटारडी म्हटलं, त्यांनीच मला खरं बोलल्याबद्दल हाकललं.

माझं वाचून कुणी शेवट बदलला म्हणावं, तर सगळे भाग त्याआधी केव्हाच तयार होते, हे त्या ॲडमिननेच सांगितलेलं. आम्हा सहा जणांपैकी कुणी तिथे कामाला असेल म्हणावं, तर कुणाचाच टीव्हीशी बघण्यापलीकडे संबंध नाही. मला काही उलगडत नाही, आणि न उलगडलेला व्यवहार मी मिटला असं मानत नाही.

तेव्हा 'यान बारह' पुन्हा काढणाऱ्यांनो, हे वाचत असाल तर नीट ऐका. पैसे नकोत, पडद्यावर नाव नको. डब्बूच्या हातात ती केरसुणी कुणी दिली आणि ते वाक्य त्याला कुणी शिकवलं, त्या माणसाला माझ्यासमोर उभं करा. तारकर्लीला या, राहण्याचे पैसे घेणार नाही. इंदूकाकी ऐंशीच्या पुढे आहे आणि रोज संध्याकाळी मला विचारते, "कोण इलो काय गो?" तिला काय सांगू, ते तुम्ही येऊन सांगा.