हाटकेशच्या नाक्यावरचा फळा

छापखान्यातली नोकरी सुटली तरी दाजी शिगवणांची बातमीची खोड सुटली नाही. हाटकेशच्या नाक्यावर ते रोज सकाळी फळ्यावर बातम्या लिहायचे. पाणी कधी येणार, कुणाचं पोर हरवलंय, कोण वारलं. फळा सुताराने फुकट करून दिलेला, खडू शेजारची हंसाबेन पुरवायची आणि बातम्या अख्खी वस्ती आणून द्यायची. कालचं पुसायचं काम बायकोचं, मंदाचं. एखादी ओळ राहिली की दाजी खेकसायचे, "शिळी बातमी ठेवतेस? लोकांना फसवायचंय का?"

अकरा वर्षं हे चाललं. मग २००७च्या मार्चमध्ये एका पहाटे दाजी झोपेतच गेले.

घरात बायका रडत होत्या. मंदा उठली, फडकं ओलं केलं आणि नाक्यावर गेली. फळ्यावर दाजींचं अक्षर होतं, "उद्या पाणी सकाळी सहाला." पाणी येऊन गेलं होतं.

मागोमाग आलेल्या हंसाबेनने तिचा हात धरला. "रहने दो ना, मंदाबेन. उनके हाथ का है."

"शिळं झालं ते," मंदा म्हणाली आणि तिने सगळा फळा पुसला. मग खडू घेऊन तिने पहिल्यांदाच त्यावर लिहिलं, "दाजी शिगवण आज पहाटे वारले."

उद्या तेही तिलाच पुसायचं होतं.